कार्ड बिनधास्त द्या, पण रोख रक्कमही चालू द्या

इंग्लंडच्या पबमध्ये अर्ध्या पिंट बिअरसाठी, म्हणजे छोट्या ग्लासासाठी, कार्ड पुढे करायला ओशाळल्यासारखं होतं आणि टेबलाशी कुणी विचारायलाही येत नाही, असं एका लेखात वाचलं. संकोच अजिबात नको. जानेवारी २०१८ पासून तिथे ग्राहकाच्या कार्डावर जादा आकार लावायला कायद्यानेच बंदी आहे, आणि पिन न टाकता नुसतं कार्ड टेकवून पैसे द्यायची मर्यादा २०२१ मध्ये १०० पौंडांवर गेली. कुठे ‘कार्डासाठी किमान ५ पौंड’ अशी पाटी दिसलीच तर वेफर्सचं एखादं पाकीट घ्यायचं.

टेबलाशी कुणी न येणं हा उद्धटपणा नव्हे, बहुतेक पबांत तशी रीतच आहे. बारपाशी उभं राहायचं, नजरानजर झाली की पुरे. आधी कोण आलं हे बारमागच्या माणसाच्या बरोबर लक्षात असतं. नोट हलवून बोलावलेलं मात्र त्यांना अजिबात आवडत नाही.

मला खुपतात ते ‘फक्त कार्ड’वाले पब. खिशातली नाणी काउंटरवर मोजून एकच पिंट घेणारे आजोबा तिथलं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक असतात. रोख नाकारायची कायद्याने मुभा आहे, तरी पबवाल्यांनी त्यांना परत पाठवू नये.