ग्दान्स्कला 'नकली' म्हणणाऱ्यांना उत्तर

"ग्दान्स्कला जायची गरज नाही. तिथलं जुनं शहर नकली आहे. १९४५ मध्ये सगळं जमीनदोस्त झालं, आज दिसतो तो कम्युनिस्टांनी उभारलेला सिनेमाचा सेट. आणि मुळात ते शहर पोलिश नव्हतंच, जर्मन होतं. अगदीच वाटेवर असेल तर अर्धा दिवस द्या, नाहीतर क्राकोव्ह बघा." पोलंडची सहल आखायला घेतली की हा सल्ला कुठून ना कुठून कानावर येतोच. आपली बरीच मंडळी तो मानतातही. वॉर्सात कोल्हापूर स्मारकापाशी फोटो, मग क्राकोव्ह, मग ऑशविट्झ, की झालं पोलंड. बाल्टिकच्या काठापर्यंत फारसं कुणी जात नाही.

सल्ला पटतो, कारण त्यात थोडंफार खरं आहे. मार्च १९४५ मध्ये सोव्हिएत लाल सैन्याने शहर घेतलं तेव्हाची लढाई आणि नंतरच्या आगी यांत मध्यवर्ती भागाचा सुमारे ९० टक्के नाश झाला. हे कुणी लपवत नाही. तिथल्या संग्रहालयांत त्या ढिगाऱ्यांचे फोटो लावलेले आहेत. पण 'सगळं' गेलं हे मात्र खोटं.

सेंट मेरीचं चर्च घ्या. १३४३ ते १५०२ असं दीडशे वर्षांहून जास्त काळ बांधकाम चाललेलं, शंभर मीटरहून लांब, जगातल्या सर्वांत मोठ्या वीटबांधणीच्या चर्चांपैकी एक. १९४५ मध्ये त्याचं छप्पर जळालं, आतली बरीच कमानदार छतं कोसळली. भिंती आणि खांब उभे राहिले. नवं छप्पर काँक्रीटच्या सांगाड्यावर बसवलं. मग हे चर्च खरं की नकली? आतलं खगोलीय घड्याळ हान्स ड्युरिंगरने १४६४ ते १४७० या काळात केलेलं. लढाई जवळ येतेय हे दिसल्यावर ते सुटं करून शहराबाहेर हलवलं आणि पुढे उरलेले भाग जुळवून पुन्हा उभं केलं. आर्टुस कोर्ट या व्यापाऱ्यांच्या जुन्या सभागृहातली, दालन तापवायची सोळाव्या शतकातली दहा मीटरहून उंच शेगडीसुद्धा अशीच वाचली. चिनी मातीच्या शेकडो रंगीत टाइल्स एकेक करून उतरवल्या, लपवल्या. १९९५ मध्ये ती परत रचली, बहुतेक मूळ टाइल्स वापरूनच. मुख्य नगरभवनाच्या लाल दालनाच्या छतावरची चित्रंही काढून ठेवली होती. त्यातलं मधलं अंडाकृती चित्र इझाक व्हान डेन ब्लोकेचं, १६०८ सालचं, आज पुन्हा छतावर आहे. चौकातला नेपच्यूनचा कांस्यपुतळा असाच लपून परत आलेला.

पंधराव्या शतकातल्या मेमलिंग या चित्रकाराचं 'अंतिम न्याय' हे चित्र तर चोरी आणि लुटीतच वाढलं. ते निघालं होतं फ्लोरेन्सला. १४७३ मध्ये ग्दान्स्कच्या पॉल बेनेकेने भर समुद्रात जहाज लुटलं आणि चित्र इथल्या चर्चमध्ये आलं. नेपोलियनच्या लोकांनी ते पॅरिसला नेलं, तिथून परत आलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हलवलं, मग सोव्हिएतांनी लेनिनग्राडला नेलं, १९५६ मध्ये पुन्हा ग्दान्स्क. चर्चमध्ये आज प्रत आहे, मूळ चित्र राष्ट्रीय संग्रहालयात. प्रत पाहून 'बघा, इथलं सगळं नकली' म्हणणाऱ्यांनी दहा मिनिटं चालायचे कष्ट घेतले नाहीत, एवढंच.

नदीकाठची मध्ययुगीन यारी (माल उचलायची क्रेन), झुराव, १४४२ ते १४४४ मध्ये बांधलेली. दोन जाडजूड विटांचे बुरूज आणि मधे पुढे झुकलेलं लाकडी घर. आत प्रचंड लाकडी चाकं होती. त्या चाकांत माणसं चालायची आणि चार टनांपर्यंतचा माल वर उचलला जायचा, जहाजांच्या डोलकाठ्याही तिथेच बसवायचे. १९४५ मध्ये लाकूड जळालं, बुरूज भाजून निघाले पण टिकले. नवं काम कुठलं आणि जुनं कुठलं, हे विटांच्या रंगावरून थोडं लक्ष दिलं तर कळतं.

आता सेटचा मुद्दा. इथे मला जरा थांबायचंय, कारण हाच आरोप सर्वांत जोरात होतो आणि सर्वांत कमी विचार करून होतो.

युद्धानंतर भग्नावशेष तसेच ठेवावेत, इथे नवं आधुनिक शहर बांधावं, असे विचारही पुढे आले होते. १९४७ मध्ये मध्यवर्ती भागाची, म्हणजे 'मुख्य शहरा'ची, सगळी रचना संरक्षित वास्तूंच्या यादीत घेतली गेली आणि जुन्या आखणीवरच बांधायचं ठरलं. पण बांधायचं काय? कामगारांची घरं. कामगार वसाहती उभारणाऱ्या सरकारी संस्थेने हे काम केलं. पूर्वीची घरं समोरून अरुंद आणि मागे लांबच लांब गेलेली, आतल्या खोल्या अंधाऱ्या. नव्याने बांधताना मागचे भाग वगळले आणि तिथे मोकळी अंगणं सोडली. द्वुगा रस्त्यावरच्या सजलेल्या घरांच्या मागे एकदा डोकवा. साधं प्लास्टर, झाडं, मुलांचं घसरगुंडीचं मैदान, वाळत घातलेले कपडे. ओगार्ना रस्त्यावर पुढून तीन घरं दिसतात, पण जिना कधी कधी एकच असतो. दारं मोजा आणि दर्शनी भिंती मोजा, हिशेब जुळत नाही. सेटच्या मागे कुणी राहत नाही. इथे १९५० च्या दशकापासून कुटुंबं राहताहेत.

वरची चित्रं आणि नक्षी? द्वुगावरची बरीचशी त्या दशकातल्या, शेजारच्या सोपोत गावच्या चित्रकारांची. ती सतराव्या शतकाची नक्कल करत नाहीत, आपल्या काळाची रेषा वापरतात. म्हणजे हे रस्ते एकाच वेळी दोन काळांचे आहेत, आणि तीच तर बघायची गोष्ट आहे.

मारियात्स्का रस्त्यावर जुनं आणि नवं अगदी हाताने चाचपता येतं. प्रत्येक घरापुढे उंच दगडी ओटा, चार-सहा पायऱ्या, खाली तळघराचं दार (आता बहुतेक ठिकाणी अंबरचं दुकान), कठड्याला कोरीव शिळा, आणि छपराचं पाणी रस्त्यावर ओकणारी दगडी तोंडं. हे ओटे ढिगाऱ्यातून निवडून काढलेल्या तुकड्यांनी पुन्हा जुळवले आहेत. काही शिळांवरच्या चेहऱ्यांची नाकं पार झिजलेली, आणि शेजारचा दगड सरळ धारेचा, कालपरवा कापल्यासारखा. पाऊस पडत असेल तर तेव्हाच जा, तोंडं काम करताना दिसतात.

या पुनर्बांधणीत खोटेपणा अजिबात नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. बांधणाऱ्यांनी ठरवून १७९३ च्या आधीचं शहर उभं केलं. त्या वर्षी ग्दान्स्क प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं, म्हणून त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांच्या खुणा शक्यतो टाळल्या. मूळचे बहुसंख्य जर्मन रहिवासी पळाले किंवा हाकलले गेले. व्हिल्नाकडून (आजच्या लिथुआनियातलं विल्नियस) आणि पोलंडच्या इतर भागांतून आलेल्या लोकांनी शहर भरलं. टीका करायची तर या निवडीवर करा. तिला वजन आहे. 'सेट' हा शब्द फेकून मोकळं होणं म्हणजे टीका नव्हे.

यातूनच तिसऱ्या दाव्यावर येतो: शहर जर्मन होतं. भाषेने, मोठ्या प्रमाणात हो. पण १३०८ मध्ये ज्या ट्यूटॉनिक सरदारांनी (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने) ते बळकावलं त्यांच्याविरुद्ध याच नागरिकांनी १४५४ मध्ये उठाव केला, त्यांचा किल्ला पाडला आणि पोलंडच्या राजाचं छत्र स्वीकारलं. पुढे १७९३ पर्यंत ते पोलिश राजसत्तेखालचं, बरंचसं स्वायत्त, गर्भश्रीमंत बंदर होतं. व्हिस्तुला नदीतून पोलंडचं धान्य यायचं आणि अ‍ॅमस्टरडॅमकडे जायचं. तिकडून येताना वास्तुकार आले. शस्त्रागार आणि जुनं नगरभवन यांच्याशी जोडलेला अँथोनिस व्हान ओबर्गेन मेखेलेनचा, सुवर्णद्वार बांधणारा अब्राहाम व्हान डेन ब्लोके फ्लेमिश घराण्यातला. पैसा पोलिश धान्याचा, नागरिक जर्मन बोलणारे, घडणावळ फ्लेमिश, आणि नगरभवनाच्या टोकावर सोनेरी पुतळा पोलंडच्या झिग्मुंट ऑगुस्ट राजाचा. एकाच देशाच्या नावावर हा सातबारा लागत नाही.

राहिला अर्धा दिवस. लोक ज्याला जुनं शहर म्हणतात ते खरं तर 'मुख्य शहर'. 'जुनं शहर' नावाचा भाग उत्तरेला आहे आणि अर्ध्या दिवसात तिथे कुणी पोचत नाही. चौदाव्या शतकातली मोठी पाणचक्की (आता अंबर संग्रहालय), खगोलशास्त्रज्ञ हेवेलियस जिथे पुरला आहे ते सेंट कॅथरिनचं चर्च, आणि युद्धातून जवळजवळ धडधाकट बाहेर आलेलं जुनं नगरभवन, सगळं तिथे. त्यापुढे गोदीचं दोन नंबरचं फाटक, जिथे १९८० च्या संपात एकवीस मागण्यांचे फलक लागले. शेजारी २०१४ मध्ये उघडलेलं गंजल्या रंगाच्या पोलादाचं सॉलिडॅरिटी केंद्र, त्या संपातून जन्मलेल्या कामगार संघटनेच्या नावाचं. नको असलेलं काही असेल तर ते धान्यकोठारांच्या बेटावरचं नवं हॉटेली बांधकाम. ते बेट सुटलं तरी चालेल.

क्राकोव्ह सुंदर आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे समुद्राचा व्यापार नाही आणि हे वीटकामही नाही.

गंमत म्हणजे ग्दान्स्कला नाक मुरडणारे बरेचजण ट्रेनने तासाभरात माल्बोर्कला जातात आणि 'अस्सल मध्ययुगीन किल्ला' म्हणून फोटो टाकतात. तो किल्ला एकोणिसाव्या शतकात प्रशियनांनी आपल्या कल्पनेप्रमाणे बराच दुरुस्त केला होता, १९४५ मध्ये निम्म्याहून जास्त उद्ध्वस्त झाला आणि पोलंडने तो पुन्हा बांधला. १९९७ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याला मात्र कुणी सेट म्हणत नाही.