माघार

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला माघार हा शब्दच मानवत नाही. गल्लीत समोरून गाडी आली की आपण हॉर्न वाजवायचा, समोरच्याने त्याहून मोठा वाजवायचा आणि ज्याचा धीर आधी सुटेल त्याने बाजूला व्हायचे, ही रीत माझ्या अंगात मुरलेली. अशा माणसाला नोकरीने उचलून इंग्लंडच्या डेव्हन काउंटीत नेऊन टाकले आणि गेली सहा वर्षे मी रोज, कधीकधी दिवसातून चार वेळा, माघार घेतो आहे.

डेव्हनमध्ये सुमारे ८,००० मैलांचे रस्ते आहेत आणि त्यांतले बरेचसे एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत. दोन्ही बाजूंना उंच हिरवेगार बांध. लांबून पाहिले तर मखमल वाटते. आत दगड रचलेले असतात, हे मला डाव्या बाजूच्या आरशाने पहिल्याच महिन्यात स्वतःचा जीव देऊन कळवले. यांतले काही बांध आठशे वर्षांहून जुने आहेत, म्हणजे देवगिरीवर यादवांचे राज्य होते तेव्हापासून ते तिथे उभे आहेत, तेव्हा माझ्या छोट्या गाडीसाठी ते जरा सरकून घेतील अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. गंमत म्हणजे अशा अनेक रस्त्यांच्या तोंडाशी पांढऱ्या वर्तुळावर काळा तिरपा पट्टा असलेली पाटी असते आणि तिच्यानुसार तिथे कायद्याने ताशी ६० मैलांपर्यंत वेग चालतो. तो वेग गाठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पाहिला असता तर बांधातच पाहिला असता.

भारतातल्या परवान्यावर इथे वर्षभर गाडी चालवता येते, त्यानंतर नव्याने परीक्षा द्यावी लागते. माझ्या परीक्षेत परीक्षकाने मला रस्त्याच्या उजव्या कडेला थांबवून दोन गाड्यांच्या लांबीएवढे मागे जायला सांगितले. मी गेलो, पास झालो आणि रिव्हर्स आपल्याला येतो असा गैरसमज घेऊन घरी परतलो.

तो समज टॉटनेसजवळच्या एका उतारावर उतरला. जुलै महिना होता. पक्ष्यांच्या विणीमुळे १ मार्चपासून ३१ ऑगस्टपर्यंत शेतकऱ्यांना एरवी कुंपण छाटायला मनाई असते, त्यामुळे झाडोरा दोन्ही अंगांनी रस्त्यावर झुकला होता. वळणावर समोर उभा राहिला गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर. चढण चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, असे इथल्या वाहतुकीचे नियमपुस्तक सांगते. तो चढत होता, मी उतरत होतो. त्यातून ट्रेलरवाल्याला मागे जायला सांगणे हे लग्नातल्या वरबापाला पंगतीतून उठवण्यासारखे आहे. बाजूला होण्याची जागा माझ्या मागे दीडशे मीटरवर होती आणि मध्ये दोन वळणे होती.

“अहो, डावीकडे घ्या,” मागे वळून बसलेली बायको म्हणाली. मी घेतली. “तुमची डावी नव्हे, माझी!” तोवर मागचे चाक बांधावर चढले होते. मग ती खाली उतरली आणि एसटीच्या कंडक्टरसारखी मागे उभी राहून “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स!” असे म्हणत डिकीवर थाप मारू लागली. या पद्धतीने आम्ही दहा मिनिटांत एक वळण पार केले. ट्रॅक्टरवरच्या आजोबांनी इंजिन बंद करून डबा उघडला होता. सँडविच संपल्यावर ते सावकाश चालत आले, खिडकीशी वाकले आणि मला म्हणाले, “ऑल राइट, माय लव्हर?”

डेव्हनमध्ये हे कोणीही कोणालाही म्हणते. आपल्याकडे ‘काय रे बाबा’ म्हणावे, तितकेच त्याला वजन. परंतु बायकोला ते तेव्हा ठाऊक नव्हते. तिचा चेहरा मला अजून आठवतो. आजोबांनी मला खाली उतरवले, स्वतः बसले आणि आरशाकडे न पाहता, एका हाताने, उरलेला रस्ता एका दमात मागे नेला. पालखीमागे निघालेल्या वारकऱ्यांसारखे आम्ही दोघे गाडीपाठोपाठ चालत गेलो. जाताना त्यांनी स्टिअरिंगवरून एक बोट उचलले, जो या काउंटीतला नमस्कार आहे.

आता मला जमते. वळणाआधी काच खाली करून कानोसा घेतो, मागे कुठे जागा गेली ते ध्यानात ठेवतो आणि समोर बोनेट दिसताच, कोणी न सांगता, मागे सुटतो. गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा शनिवार पेठेतल्या एका गल्लीत समोरून टेम्पो आला. हात आपोआप गिअरवर गेला, गाडी सरळ रेषेत पन्नास फूट मागे नेली, एका दारापाशी दाबून लावली आणि नम्रपणे बोट उचलले. टेम्पो पुढे आला नाही. ड्रायव्हरने मान बाहेर काढली, माझ्याकडे काळजीने पाहिले आणि विचारले, “काय झालं साहेब, गाडी बिघडली का? धक्का देऊ?”