गवत उगवले म्हणून ढीग सुरक्षित होत नाही

कोळसा खाणीच्या टाकाऊ दगड-मातीच्या ढिगांविषयी एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यात चार विधाने आहेत: वेल्समधील ॲबरफॅनची दुर्घटना अतिवृष्टीमुळे घडली, ढिगावर हिरवळ धरली की तो स्थिर झाला, पायथ्याचे पाणी नितळ असेल तर प्रदूषण नाही, आणि अमेरिकेतील बफेलो क्रीकचा बांध तपासणी होऊनही फुटला, म्हणून तपासणी हा वायफळ खर्च आहे. यांपैकी एकही विधान टिकत नाही, आणि अशा ढिगांच्या पायथ्याशी माणसे राहतात म्हणून त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिले विधान. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास मर्थर व्हेल खाणीचा सातव्या क्रमांकाचा ढीग घसरून पँटग्लास शाळेवर आणि लगतच्या घरांवर आला. १४४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ११६ मुले होती. त्या महिन्यात पाऊस भरपूर झाला होता, हे खरे आहे. परंतु तोच पाऊस त्याच डोंगरावरील इतर ढिगांवरही पडत होता. सातवा ढीग १९५८ पासून झऱ्यांच्या जागेवर रचला जात होता आणि त्यात कोळसा धुतल्यानंतर उरणारा बारीक गाळही टाकला जात होता. अशा भरावात पाणी मुरत राहिले की कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि घट्ट दिसणारा ढीग द्रवासारखा वाहू लागतो. ब्रिटनमधील खाणी चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या अध्यक्षांनी हे झरे अज्ञात असल्याचे सांगितले होते, मात्र ते नकाशांवर दाखवलेले होते आणि ग्रामस्थांनाही ठाऊक होते, असे चौकशीत स्पष्ट झाले. त्याच डोंगरावर १९४४ मध्ये एक ढीग घसरला होता, १९६३ मध्ये खुद्द सातवा ढीगही सरकला होता, आणि त्याच वर्षी शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याविषयी स्थानिक अभियंत्याने लेखी कळवले होते. इतक्या खुणा दिसत असताना सगळे खापर पावसावर फोडणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

दुसरे विधान अधिक फसवे आहे, कारण हिरवळ डोळ्यांना दिसते आणि पाणी दिसत नाही. गवताची मुळे वरचा पातळ थर धरून ठेवतात, घसरण मात्र कित्येक मीटर खालून होऊ शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळाच्या काळात वेल्समधील टायलर्सटाउन येथे जुन्या, वापर थांबलेल्या ढिगाचा मोठा भाग दरीत कोसळला. जीवितहानी झाली नाही, हे सुदैव. हिरवळ कोणती आहे, हेही पाहावे लागते. कोरड्या उतारावर मध्येच लव्हाळ्याचा पट्टा दिसला, तर तेथे आतून पाणी पाझरत असण्याचा संभव असतो. उलट, झाडोऱ्यातील उघडे, करपलेले तुकडे खालच्या थरातील आम्लाची किंवा आतल्या आगीची खूण असू शकतात. चंद्रपूर, वणी, उमरेड भागांतील ढीग प्रामुख्याने ओव्हरबर्डनचे, म्हणजे कोळशाच्या थरावरून उपसलेल्या माती-खडकाचे आहेत, त्यामुळे त्यांची रचना वेगळी आहे. तरीही वृक्षारोपण झाले म्हणजे ढिगाची पाहणी संपली, असे तेथेही म्हणता येणार नाही.

तिसऱ्या विधानाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. टाकाऊ खडकातील पायराइटला, म्हणजे लोह व गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी मिळाले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते व लोह विरघळते. ढिगातून नुकत्याच बाहेर पडलेल्या आम्लधर्मी पाण्यात हे लोह विरघळलेलेच राहू शकते, आणि म्हणून ते पाणी नितळ दिसते. नारिंगी थर पुष्कळदा पुढे, स्वच्छ ओढ्याला मिळाल्यावर, बसतो. सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप), लोह व सल्फेट मोजल्याशिवाय पाणी चांगले आहे असे म्हणण्याला अर्थ नाही. प्रवाहही मोजला पाहिजे: भर पावसात निचऱ्याचे पाणी अचानक कमी झाले, तर निचरा तुंबून ते ढिगातच साठत असल्याची शंका घ्यावी, ते गढूळ झाले, तर आतला बारीक माल वाहून चालला आहे.

चौथ्या विधानातील घटना खरी आहे. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील खाणीच्या टाकाऊ मालाने रचलेला बांध फुटून १२५ माणसे गेली, आणि अवघ्या चारच दिवसांपूर्वी संघीय निरीक्षकाने तो समाधानकारक ठरवला होता. मात्र बांधाचा पाया जुन्या गाळावर होता आणि वाढलेले पाणी सुरक्षितपणे बाहेर काढण्याची पुरेशी सोय नव्हती. हे दोष पाहण्यात न आल्यामुळे शेरा चुकला. म्हणूनच १९७७ च्या अमेरिकी कायद्याखालील नियमांनुसार ढीग रचला जात असताना किमान दर तीन महिन्यांनी, तसेच पाया तयार करताना, तळाचे निचरे बसवताना आणि अखेरच्या सपाटीकरणाच्या वेळी जाणकार अभियंत्याची तपासणी लागते. तळाचे निचरे मालाखाली गाडले जाण्यापूर्वी त्यांची रंगीत छायाचित्रे अहवालाला जोडावी लागतात, कारण नंतर ते कोणालाही दिसत नाहीत. वेल्समध्ये सर्वाधिक जोखमीच्या जुन्या ढिगांची पाहणी वर्षातून दोनदा होते. ज्या गावाच्या डोक्यावर असा ढीग आहे, त्या गावाने शेवटच्या तपासणीचा अहवाल मागावा आणि त्यात माथ्यावरील भेगा, पायथ्याचा फुगवटा, निचऱ्याचा प्रवाह व पाण्याचा सामू यांच्या नोंदी आहेत का, हे पाहावे.