आधी झाडू, मग कीर्तन

मागच्या डिसेंबरात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फरदडीवरून जुंपली. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. कापसाचे वेचे संपले तरी पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडं उपटायची नाहीत, विहिरीला पाणी असलं की एखादं ओलित द्यायचं आणि मिळेल तो कापूस घ्यायचा, ही फरदड. कृषी खातं दरवर्षी नको म्हणतं, कारण उभी पऱ्हाटी म्हणजे गुलाबी बोंडअळीची खानावळ.

मी जर्मनीत असतो. ऑफिसनं एकदा आम्हाला भाषणकलेच्या वर्गाला बसवलं होतं. तिथं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ॲरिस्टॉटल शिकवला. माणसाला पटवायच्या त्याच्या तीन वाटा : एथॉस म्हणजे बोलणाऱ्यावरचा भरवसा, पॅथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनाला हात घालणं, लोगॉस म्हणजे युक्तिवाद. म्हटलं, हे गावाच्या कामी येईल.

पारावर मंडळी जमली, पुतण्यानं फोन धरला. मी २०१७ चा उद्रेक सांगितला, अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी वाणांनाही अळी कशी पचवू लागली ते सांगितलं, शेवटी कर्जाचं सांगून आवाजही जरा खाली आणला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर हाय बावा. पण तुह्या वावरात यंदा किती क्विंटल झाला?"

पार हसला. ग्रुपवर एका पुणेकर झालेल्या पोट्ट्यानं निकाल दिला, "गावात लॉजिक चालतच नाही."

मला वाटतं काकांचा प्रश्न हेच लॉजिक होतं. इथं जर्मनीत सल्लागार थेट आकड्यांपासून सुरुवात करू शकतो, कारण त्याच्यामागे करार असतो, चुकला तर दाद मागता येते. भरवसा व्यवस्थेनं आधीच पुरवलेला असतो. गावात बियाण्याचा एजंटही गोड बोलतो, पुढारीही. बुडतो तो वावरवाला. मग नुकसान कोणाचं होणार, हे आधी विचारायचं नाही तर काय?

ॲरिस्टॉटलचं म्हणणं, भरवसा भाषणातूनच निर्माण व्हावा, बोलणाऱ्याच्या आधीच्या नावावरून नव्हे. इथं मी त्याच्या नाही, गाडगेबाबांच्या बाजूचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हाती घ्यायचा, गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. कीर्तनातही उपदेश कमी, प्रश्न जास्त. उत्तरं लोकांच्याच तोंडून काढायची. (युक्तिवादाचा एखादा टप्पा श्रोत्यावर सोडावा, हे ॲरिस्टॉटललाही ठाऊक होतं. पण त्यानं गल्ली झाडल्याचं ऐकिवात नाही.)

आमच्याकडे हे काम चुलतवहिनीनं केलं. तिचं स्वतःचं दोन एकर. काकांच्याच वावरातली हिरवी बोंडं ओट्यावर आणून तिनं अंगठ्यानं एकेक फोडलं. पिवळी पडलेली रुई, एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या आणि आत गुलाबी अळी. पुढचं फोडायच्या आधी ती काकांना विचारायची, "याच्यात असंन का?" चौथ्या बोंडाला काका स्वतःच "असंन" म्हणाले.

अर्धं वावर उपटून झालं. उरलेल्याचं मी फोनवर विचारलं, तर म्हणाले, "मजूर भेटून नाही राह्यला. पऱ्हाटी उपटाचा चिमटा घरीच हाय. तू येतं का?"