दोरी

नागपुरात कपडे वाळायला वेळ लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो (2013 साली तर 47.9 ला टेकला होता), त्यामुळे शेवटचा रुमाल दोरीवर पडेस्तोवर पहिला शर्ट पापडासारखा कडक झालेला असतो. अडचण उन्हाची नाही. अडचण दोरीची आहे.

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आणि गच्चीवर पाच दोऱ्या. त्यातल्या दोन टाकीमागे, म्हणजे कबुतरांच्या. उरलेल्या तीन कोणाच्या, हे कुठेही लिहिलेलं नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे. भाडेकरू सोडून. मी भाडेकरू.

बरं, धुणं तरी सुखाचं असावं? शर्टाच्या आतल्या चिठ्ठीवर 'गार पाण्यात धुवा' असं छापलेलं असतं. छापणाऱ्याने आमची काळी टाकी पाहिलेली नाही. दुपारी तिच्यातून नळाला जे येतं त्यात पत्ती टाकली तर चहा होईल. त्या पाण्यात माझ्या उन्हाच्या लाल दुपट्ट्याने सहाही बनियन गुलाबी केले. तेव्हापासून मी पहाटे धुतो.

परवाच्या रविवारी साडेपाचलाच बादली घेऊन वर गेलो. गच्ची भरलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्या दोन जावा, चिकाचं पातेलं आणि सोऱ्या. कुरडया! गहू तीन दिवसांपासून भिजत होता, म्हणजे गच्चीचा निकाल गुरुवारीच लागला होता.

"काकू, एक दोरी मिळेल?"

"वरून पाणी टपकन नं बाप्पा! बादली ठेवून जा तू. जागा झाली का आम्हीच टाकून देतो."

आवाजात इतकी माया होती की मी खाली जाऊन झोपलो.

दहाला वर आलो तो घाईत, अनवाणी. ती फरशी पायाला लागल्यावर माणूस चालत नाही, नाचतो. नाचत नाचतच पाहिलं: शर्ट दोरीवर होते, पँट कठड्यावर होती, आणि माझी निळी डबल बेडची चादर जमिनीवर अंथरलेली. तिच्यावर उशीपासून पायथ्यापर्यंत ओळीने कुरडया.

"काकू, ही चादर..."

"धुतलेलीच होती नं! अन् खाली ओलं कापड लागतेच. तुही बरी मोठी निंघाली."

यावर काय बोलणार? मीच विचारलं, "केव्हा वाळतील?"

"दोन दिवस तं लागतेच."

म्हणजे दहा मिनिटांत वाळणारी माझी चादर दोन दिवस वाळत होती. मी उघड्या गादीवर झोपलो.

तिसऱ्या दिवशी चादर घडी करून आली, वर डबाभर कुरडया. तळल्या, खाल्ल्या, अप्रतिम होत्या, रागवायची सोयच राहिली नाही. रात्री चादर अंथरून आडवा झालो, कूस बदलली, आणि पाठीखाली कुरकुर वाजलं.