डायपर लावण्याआधी एकदा त्यांना विचारा

आईने पाणी पिणं कमी केलंय, हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. सकाळी भरून ठेवलेला पेला संध्याकाळी तसाच असायचा, वरचं झाकणसुद्धा हललेलं नसायचं. विचारलं की म्हणायची, "तहानच नाही रे." एका रात्री मी चादर बदलत असताना तीच बोलून गेली, "पाणी प्यायलं की तुला उठवावं लागतं."

अर्धांगवायूने तिची डावी बाजू गेली आहे. पण लघवीला लागल्याचं तिला नीट कळतं, सांगताही येतं. अडचण होती ती बाथरूमपर्यंत वेळेत पोचण्याची. आणि मी काय केलं, तर चोवीस तास डायपर बांधला. "त्यातच कर, मी बदलतो," असंही तिला सांगितलं. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

लघवी धरून ठेवता न येणं वेगळं आणि संडासापर्यंत जाता न येणं वेगळं. ज्याला कळतं, त्याला डायपरची सवय लावू नये, या मतावर मी ठाम आहे. सवय लागली की सांगणं थांबतं, मग उठणंही थांबतं. अशा माणसासाठी अंतर कमी करायला हवं.

आम्ही कमोडची खुर्ची पलंगाला लावून ठेवली. मी ती डाव्या बाजूला ठेवली होती, कारण तिकडे जागा होती. फिजिओथेरपिस्टने ती उजवीकडे, म्हणजे चांगल्या बाजूला घ्यायला लावली. खुर्ची हलत नाही ना ते आधी बघायचं. आईला पलंगाच्या कडेला बसवायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, पुढे झुकायला सांगायचं आणि मग कमरेला आधार द्यायचा. काखेत हात घालून उचलायचं नाही. लुळा हात तर कधीच ओढायचा नाही, त्याने खांदा दुखावतो. तिच्या उजव्या पायात केवढी ताकद शिल्लक होती! मी ती वापरूच देत नव्हतो.

आता दिवसा दर 2 ते 3 तासांनी मीच विचारतो. नाश्त्यानंतर अर्ध्या तासात तिला बसवतो, कारण खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते. पायाखाली छोटं स्टूल दिलं की कमी कुंथावं लागतं.

पाण्याचं मात्र नीट समजून घ्या. पाणी कमी केल्याने लघवी दाट होते, मूत्राशयाला त्रास होतो आणि उलट सारखी लागल्यासारखं वाटतं. बद्धकोष्ठता होते, जंतुसंसर्गाची भीती वाढते. खडा झालेल्या मळाच्या कडेने पातळ शौच झिरपतं आणि घरच्यांना ते जुलाब वाटतात. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध मनाने देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात पाणी किती द्यायचं, हेही त्यांनाच विचारा. बाकीच्यांना दिवसभर पुरेसं पाणी द्या, झोपायच्या आधीचे दोन तास तेवढे कमी.

ज्यांना काहीच कळत नाही, त्यांना डायपर लागतोच, त्यात कमीपणा नाही. फक्त ओला झाला की लगेच बदला, बायकांना पुढून मागे पुसा, त्वचा टिपून कोरडी करा. ओलाव्याने त्वचा सोलवटते आणि मग जखमा व्हायला वेळ लागत नाही.

आणखी एक सांगतो. आलेल्या माणसांसमोर मी "आई, लागली का?" असं मोठ्याने विचारायचो. ती भिंतीकडे तोंड फिरवायची. मला वाटायचं, थकली असेल. आता तिच्या उशाशी घंटी आहे. ती बसली की मी मांडीवर शाल टाकतो, दार लोटून घेतो आणि बाहेर थांबतो.

काल रात्री घंटी दोनदा वाजली. दुसऱ्यांदा मला उठायला उशीर झाला, चादर ओली झाली. बदलली. सकाळी पेला बघितला तर रिकामा होता.