क्रूझ कंट्रोल गाडी उडवत नाही, आणि तुमचा ईसीयूही गेलेला नाही

परत तो मेसेज फिरायला लागलाय. यावेळी चार जणांकडून आला, त्यातल्या एकाने खाली "हे खरंय का रे?" असं विचारलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर इतकी वर्षं मी गुपचूप डिलीटच करत होतो.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक बाई पावसात क्रूझ कंट्रोल (पायाने रेस न देता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय) लावून चालल्या होत्या, गाडी पाण्यावर उचलली गेली, वेग आपोआप वाढत गेला आणि गाडी विमानासारखी हवेत उडाली. त्यापुढे जोडलेलं ज्ञान असं: क्रूझ एकदा अडकलं की ब्रेक मारून काही होत नाही, म्हणून त्याचा फ्यूजच काढून ठेवा. क्रूझ लागत नसेल तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) गेला समजा, बदलून टाका. आणि सगळ्यात शेवटी, बहुतेक दुसऱ्याच कोणीतरी चिकटवलेलं, की हायवेवर क्रूझ लावाच कारण मायलेज नेहमी वाढतं. म्हणजे जीव घेईल पण पेट्रोल वाचवेल.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, की क्रूझ म्हणजे काहीतरी दांडगट वस्तू, एकदा बसली मानगुटीवर की सोडत नाही. प्रत्यक्षात गाडीत याच्याइतकी घाबरट सिस्टीम दुसरी नाही. काम अगदी साधं, तुम्ही ठरवलेला वेग आणि खरा वेग यातला फरक बघायचा आणि त्याप्रमाणे थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) थोडा उघडायचा किंवा मिटायचा, बस. ही कल्पना राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची, जो लहानपणापासून पूर्ण आंधळा होता, त्याला १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ती आली. (असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की पाय सैल सोडायचा, गप्प बसला की परत रेस द्यायचा, त्या धक्क्यांना वैतागून टीटरने हे काढलं.) पूर्वी व्हॅक्यूमवर चालणारा एक डायफ्रॅम केबलने थ्रॉटल ओढायचा, आता केबलच नाही, इंजिनचा ईसीयू थ्रॉटलच्या मोटरला सांगतो.

पण चालू राहायला त्याला सगळ्या अटी एकाच वेळी पूर्ण लागतात. ब्रेक दाबलेला नको, क्लच दाबलेला नको, गिअर न्यूट्रलला नको, वेग साधारण ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर हवा, स्पीड सेन्सरचा आकडा पटणारा हवा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की त्याला आवरणारी सिस्टीम) शांत हवा. यातली एक जरी अट मोडली की हा हात वर करून मोकळा. निमित्ताला टेकलेलंच असतं ते. हे डोक्यात ठेवा, पुढचं बरंचसं आपोआप सुटतं.

"पावसात क्रूझवर गाडीचा वेग वाढतो आणि गाडी उडते"

टायर आणि रस्त्याच्या मध्ये पाण्याचा थर शिरला की टायर पाण्यावर तरंगतो, इथपर्यंत खरं. नासाने विमानाच्या टायरांवर प्रयोग करून यासाठी एक ढोबळ सूत्र काढलं होतं, ते टायरमधल्या हवेच्या दाबावर चालतं. ३२ पीएसआयला तरंगणं सुरू होण्याचा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ पीएसआयला ८३ च्या आसपास. कारच्या टायरला ते तंतोतंत लागू पडत नाही आणि नक्षी झिजलेली असेल तर तरंगणं त्याच्याही आधी सुरू होतं, पण अंदाज येतो. आता बघा, या सूत्रात क्रूझ कुठेच नाही. पायाने रेस देऊन त्याच वेगात त्याच पाण्यात घुसलात तरी टायर तितकाच तरंगणार.

आणि वेग वाढणार कसा? गाडी पुढे जाते कारण चाक रस्त्याला मागे ढकलतं. पकडच गेली तर ढकलायचं कशाला? फिरेल ते चाक जागच्या जागी, गाडीला त्यातून ढकलणं मिळणारच नाही, उलट पाणी टायरला अडवतं म्हणून गाडी हळूच होते. बाईंना मीटरचा काटा वर गेलेला दिसला असेल हे मी मानायला तयार आहे, पण काटा चाकाचा वेग दाखवतो, गाडीचा नाही. आणि ज्या गाडीत वेगाचा आकडा इंजिनकडून फिरणाऱ्या चाकांवरून येतो तिथे चाक फिरायला लागलं की क्रूझला वाटतं वेग जास्त झाला, ते रेस कमी करतं. उलटं होऊ शकतं ते असं, की पाण्याने गाडी मंदावली, क्रूझने थोडी रेस वाढवली आणि चालकचाकं घसरली. पण तोपर्यंत ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडतं आणि ते पडलं की क्रूझ सुटतं. जुन्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नसेल तर चाक फिरेल, गाडी आडवी होईल, हे वाईटच आहे, पण उडणार नाही हो!

मग गाडीच्या पुस्तकात "ओल्या, निसरड्या रस्त्यावर वापरू नका" असं का लिहितात? बरोबरच लिहितात. स्टिअरिंग हलकं लागलं की तुमचा पाय नकळत रेसवरून उठतो, क्रूझला ते हलकं होणं कळतच नाही, ते आपलं वेग धरून बसतं. त्यात तुमचा पाय आरामात बाजूला, हालचाल करायला उशीर. सल्ला खरा, गोष्ट खोटी.

"अडकलं की ब्रेक लागत नाही"

ब्रेकचं ऑइल, पाइप, पॅड यांचा क्रूझशी काडीचा संबंध नाही, पॅडल दाबलं की ब्रेक लागणारच. वर पॅडलपाशी जो स्विच असतो त्यात सहसा दोन कॉन्टॅक्ट असतात, पाय ठेवला की एक जुळतो आणि दुसरा तुटतो, म्हणजे एकाने दगा दिला तरी दुसरा क्रूझ तोडतो आणि दोघांचं पटलं नाही तरी ईसीयू क्रूझ लावू देत नाही. व्हॅक्यूमवाल्या जुन्या गाड्यांत तर बऱ्याचदा पॅडलपाशी वेगळा व्हॉल्व असायचा जो सरळ हवाच सोडून द्यायचा, विजेची भानगडच नाही.

थ्रॉटल खरोखर अडकू शकतो, केबल गंजून किंवा पायाखालचं मॅट पॅडलवर चढून, आणि मॅटचा दोष क्रूझवर जातो. तसं झालं तर ब्रेक एकदाच, जोरात, आणि धरून ठेवायचा. पंप करायचा नाही, कारण थ्रॉटल सताड उघडा असताना पेट्रोल इंजिनमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ नसतो, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला एक-दोन दाबांत संपतो आणि मग पॅडल दगडासारखं लागतं. "ब्रेक लागलाच नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींचं हेच झालं असणार. ब्रेक धरला की गिअर न्यूट्रल. इंजिन बोंबलू दे.

गंमत म्हणजे क्रूझच्या एका भागाने खरंच मोठं नुकसान केलंय, पण ते गाडी उभी असताना. फोर्डच्या बऱ्याच मॉडेलमध्ये क्रूझ तोडणारा एक प्रेशर स्विच होता, त्यातून ब्रेक ऑइल झिरपायचं, आणि स्विचला करंट कायम असल्यामुळे बंद गाडीलाही आग लागायची. १९९९ ते २००९ मध्ये टप्प्याटप्प्याने एक कोटीहून जास्त गाड्या परत बोलावल्या. हे मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही, कारण यात गाडी उडत नाही.

"फ्यूज काढून ठेवा"

कुठला? आताच्या गाड्यांत क्रूझ म्हणजे ईसीयूमधला प्रोग्रॅम, त्याला बऱ्याचदा वेगळा फ्यूजच नसतो. आणि जो सापडेल तो ब्रेक लाइटशी शेअर केलेला असू शकतो. तो काढून पावसात निघालात तर मागच्याला तुमचा ब्रेक दिसणार नाही. नको असेल तर बटण दाबू नका, इतकं सोपं आहे.

"लागत नसेल तर ईसीयू गेला"

हे वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण यात लोकांचे पैसे जातात. आधी तर्क बघा. आताच्या गाडीत तुमचं पॅडल ज्या ईसीयूला सांगतं आणि जी मोटर थ्रॉटल उघडते, तोच ईसीयू आणि तीच मोटर क्रूझ वापरतं. गाडी पायाने नीट पळतेय ना? मग ते सगळं जिवंत आहे. ईसीयू क्रूझ लावत नाहीये म्हणजे बहुतेक वेळा त्याला कुठलीतरी अट पूर्ण दिसत नाहीये. कुठली, ते शोधायचं.

एका मित्राच्या गाडीला असंच ईसीयू बदलायला सांगितलं होतं. क्रूझ लागत नाही, त्याआधी दोनदा बॅटरी उतरली होती, पण त्या दोन गोष्टींचा संबंध कोणी लावला नाही. मी सहज गाडीच्या मागे गेलो तर चावी बंद, आत कोणी नाही, आणि ब्रेक लाइट पेटलेले! खाली वाकून बघितलं तर मॅटवर खडूचा चुरा पडावा तसे प्लॅस्टिकचे बारीक तुकडे. ब्रेक पॅडलच्या दांडीला एक भोक असतं, त्यात नखाएवढा स्टॉपर बसवलेला असतो आणि पाय काढला की तो स्टॉपर स्विचची पिन आत दाबून धरतो. वर्षानुवर्षं उन्हातान्हात तापून तो भुगा झाला, पिन त्या भोकातून आरपार बाहेर, आणि गाडीच्या मते ब्रेक कायम दाबलेला. ऑटोमॅटिक होती, तर गिअर पीमधून (पार्कमधून) ब्रेक न दाबता निघत होता, म्हणजे पुरावाही समोरच. नवा स्टॉपर अंगठ्याने दाबून बसवला, संपलं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ब्रेक लाइट, पाय काढल्यावर विझतात का आणि पाय ठेवल्यावर सगळे पेटतात का. मग मीटरमधला क्रूझचा दिवा. बटण दाबल्यावर मुख्य दिवा येतो पण "सेट" होत नाही, तर बटणाचा करंट पोचतोय, अडचण कुठल्यातरी अटीची. दिवाच येत नाही तर बटण, वायरिंग, नाहीतर ईसीयूने आधीच रुसून क्रूझ बंद करून ठेवलंय. इंजिन लाइट चालू असेल तर काही कंपन्या क्रूझ मुद्दाम बंद ठेवतात, मग त्यामागचा बिघाडाचा कोड मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचा) का असेना, तिथे क्रूझ उघडून काही मिळणार नाही.

मग स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र) लावा, पण नुसते कोड वाचून पुसू नका, लाइव्ह डेटा (त्या क्षणी ईसीयूला काय दिसतंय ते) बघा. ब्रेक स्विचचे दोन्ही सिग्नल, क्लच स्विच, वेग, सेट आणि रिझ्यूम, हे सगळं पाय आणि बोट हलवून एकेक तपासता येतं, काही गाड्यांत तर मागच्या वेळी क्रूझ कशामुळे सुटलं तेही लिहिलेलं मिळतं. पी०५७१ किंवा पी०५०४ आला तर ब्रेक स्विचकडे बघा, पी०५०० म्हणजे स्पीडचा सिग्नल, पी०५६५ पासून पी०५७० पर्यंत बटणांची मंडळी.

स्टिअरिंगवरची बटणं बहुतेक वेळा एकाच वायरवर असतात, प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स, त्या आकड्यावरून ईसीयू ओळखतो की कुठलं दाबलं. बटण दाबून धरा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा (गाडी उभी ठेवून, अर्थात). लाइव्ह डेटामध्ये बटण मध्येच सुटतंय? बटण नाही, क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली ती चपटी पट्टी. त्यासोबत हॉर्न पण रुसला असेल किंवा एअरबॅगचा दिवा आला असेल तर शंकाच नको. फक्त तिथे एअरबॅग आहे, बॅटरी काढून पुस्तकात लिहिलाय तेवढा वेळ थांबल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि सवय नसेल तर घालूच नका.

अजून एक, जे फार कमी जणांना सुचतं. काही गाड्यांत क्रूझ ब्रेक लाइटच्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थिंग बघतं. तिथे हौसेने एलईडी लावला की तो रस्ता बंद, लाइट झकास पेटतात आणि क्रूझ लागत नाही.

"मायलेज नेहमी वाढतं"

सपाट रस्त्यावर, ज्याचा पाय सारखा खालीवर होतो त्याचं वाढतं. चढ-उतारावर उलटं होतं, कारण क्रूझ चढावर वेग पडू नये म्हणून भरपूर रेस देतं, गिअर पाडतं. समजूतदार माणूस चढावर थोडा वेग जाऊ देतो आणि उतारावर फुकटात परत घेतो. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० ऐवजी १०० ला सेट केलंत तर तो ५६ टक्क्यांनी जास्त, मग क्रूझने वाचवलेले चार थेंब कुठल्या कुठे जातात.

आता ज्याने "खरंय का" विचारलं त्याला. तुझं क्रूझ मागच्या महिन्यापासून लागत नाहीये म्हणालास, आणि मागे एलईडी पण तेव्हाच लावलेस ना? जुने बल्ब फेकले नसतील तर परत लावून बघ आणि मला सांग.